आईच्या घरातलं मशीन

धाकट्या बहिणीच्या, रोव्हेनाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, ऑगस्टमध्ये मेल्चोरची आई गेली. ओतोन गावातल्या रिवाजाप्रमाणे शवपेटी दफनापर्यंत ओसरीवरच्या खोलीत ठेवली. दफन शनिवारी ठरलं, कारण रोव्हेनाची दुसऱ्या बेटावरून येणारी बोट त्याआधी पोचणार नव्हती.

शनिवारी दुपारीच मेल्चोरला आपलं कामही पुरं करून द्यायचं होतं. अजून न बांधलेल्या इमारतींतून माणसाला फिरवून आणणाऱ्या फिल्म तो कॉम्प्युटरवर बनवी. सेबू शहरातल्या एका कंपनीने त्याला एका इस्पितळाची फिल्म दिली होती. वेळेवर झालं तर कायमची नोकरी, नाहीतर दुसरा माणूस. चित्रं मांडून झाली होती. आता मशीनने एकेक चित्र उजेड-सावलीसकट तयार करायचं तेवढं उरलं होतं. दोन ग्राफिक्स कार्डांचं ते मशीन वडिलांच्या खोलीत होतं, कारण घरात एसी तिथेच. वडिलांची फुप्फुसं कामातून गेलेली. मशीनचा पंखा आणि वडील, दोघांची घरघर एकत्र ऐकू येई.

घरात माणसांची रीघ. अंगणात रात्र जागवायला मांडलेली पत्त्यांची टेबलं, जमिनीवर कलिंगडाच्या बियांची टरफलं, मेणबत्त्यांचा धूर, रस्ता खणला होता त्याची माती. गुरुवारी मशीन तापून बंद पडलं. चालू केलं, पुन्हा बंद पडलं. झाकण काढलं तर आत राखाडी गोधडी पसरावी तशी धूळ.

मेल्चोरने हवा मारायचा ब्लोअर काढला, तोच तिया पासिंग दारात उभी. आईची थोरली बहीण; मेल्चोरला ती लहानपणापासून तोतो म्हणे.

"तोतो, ते खाली ठेव."

"तिया, हा झाडू नाही."

"धूळ जाते ना त्याने? मग झाडूच. पेटी घरात असताना केर काढायचा नसतो. केरामागून घरातलं आणखी एक माणूस जातं."

"मागच्या अंगणात नेऊन करतो."

"म्हणजे केर उंबऱ्याबाहेर घालवणार! वा! कॉलेजात हेच शिकवलं का?"

अंगणातून पत्ते पिसत शेजारचा मानोंग बेर्तो ओरडला, "पासिंग, कॉम्प्युटर मला द्या! इथे कोणाच्या हातात काय आहे ते तरी सांगेल!"

माणसं हसली. मेल्चोरला हसू आलं नाही, रागही आला नाही. आई गेल्यापासून त्याला काहीच वाटत नव्हतं. लोक खांद्यावर हात ठेवत, तो हात बाजूला होईपर्यंत थांबे.

तिया कॉफी करायला गेली. वडिलांनी डोळे उघडले.

"बंद पडलं?"

"हो, तातय."

"मग साफ कर."

"तिया म्हणते..."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो. या घरात जायच्या लायकीचा मी एकटाच उरलोय, म्हणजे ती माझ्याबद्दलच बोलतेय." ते दम घ्यायला थांबले. "माझं मी बघतो. तू जा."

मेल्चोरने वडिलांकडे पाहिलं. त्याने वायरी काढल्या, मशीन उचललं आणि मागच्या पायरीवर नेलं. ब्लोअर चालू केला. धुळीचा लोट उठला, केळीच्या पानांवर बसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिया बघत होती. कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून तिने क्रूस केला आणि खिडकी लावून घेतली.

मशीन पुन्हा बंद पडलं नाही. शनिवारी पेटी उचलायच्या आधी फिल्म सेबूला पोचली. नोकरी मिळाली. सप्टेंबर लागताच मेल्चोर मशीन घेऊन तिकडे गेला.

तियाचा फोन आला तेव्हा तो कुठल्याशा न बांधलेल्या हॉटेलच्या खिडक्यांत ऊन भरत होता.

"तोतो, ये," एवढंच ती म्हणाली.

तो आला. ओसरीवरच्या खोलीत पुन्हा पेटी होती, जमिनीवर टरफलं पडली होती. तियाने कॉफीचा कप हातात दिला, बसायला खुर्ची ओढली, आणि त्या गुरुवारबद्दल चकार शब्द काढला नाही. पाय जरा उचलून, टरफलं न हलवता तो बसला.

मेल्चोरचे वडील आन्सेल्मो गारिबाय २९ सप्टेंबर २०१९ रोजी, रविवारी सकाळी वारले.