अर्धीपट्टीचं रजिस्टर

आमच्या कारखान्यात चार वर्षांत कुणाला काहीही झालं नव्हतं. असं अपघातांचं रजिस्टर सांगत होतं, आणि ते मीच लिहीत होतो. महिना संपला की 'निरंक' लिहायचं, खाली सही ठोकायची. अक्षर सुरेख आहे, असं साहेब नेहमी म्हणत.

"अपघात म्हणजे काहीतरी मोठं असतं हो," ते समजावत. "बोट चेंगरलं तर त्याला खरचटणं म्हणतात."

तीन नंबरच्या प्रेसवर बरंच खरचटायचं. बोटं वाचवणारी तिची जाळी केव्हाच काढून ठेवली होती. जाळीने काम रेंगाळतं. हे मला ठाऊक होतं आणि मला झोपही छान लागत होती.

त्या सोमवारी माझ्या पुतणीला पॅकिंगमधून उचलून तीन नंबरवर बसवलं.

"सगळे उगाच घाबरवतात हो काका," ती हसून म्हणाली. "मी तुमचं रजिस्टर बघितलंय. एकदम कोरं!"

अकराला तपासणीस बाई आल्या, तेही न कळवता. साहेबांनी घाईत हेल्मेट उलटं घातलं. बाईंनी अठ्ठेचाळीस निरंक उलटले.

"इथे कुणाला ठेचसुद्धा लागत नाही?"

"आमची माणसं फार सावध!" साहेब म्हणाले.

बाईंनी सहीसाठी पेन उघडलं. तिकडे तीन नंबर धप्प, धप्प करत होती. दर धप्पला मी पुतणीची बोटं मोजत होतो. दहा. अजून तरी दहा.

"बाई, स्टोअरचा मलमपट्टीचा साठा तपासायचा राहिलाय," मी बोलून गेलो.

टेबलाला वाचा फुटावी तसं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

स्टोअरकीपरला सगळे अर्धीपट्टी म्हणत. जखमेची चिकटपट्टी तो कापून अर्धीच देई. तीही नाव, मशीन आणि नेमकं बोट लिहून सही घेतल्यावर. रक्त गळत असलं तरी सही आधी. बावीस वर्षांत त्याचं रजिस्टर कुणी उघडून पाहिलं नव्हतं, हे त्याचं मोठं दुःख.

"या बाई, या!" तो तीन जाडजूड रजिस्टरं छातीशी धरून धावतच आला. "एक पट्टी कमी निघाली तर नाव बदलेन!"

"उद्या दाखवा हो," साहेब दातओठ खात म्हणाले.

"उद्या कशाला? आत्ता जुळवू!"

बाई मोठ्याने वाचू लागल्या. "मशीन तीन, उजवी तर्जनी. मशीन तीन, डावा अंगठा. मशीन तीन..."

"तो माझा!" मागून कुणीतरी अंगठा उंचावून ओरडलं.

"पुढचं माझं, बाई! नखासकट!"

बघता बघता सगळा कारखाना दाराशी गोळा झाला. जो तो बक्षीस लागल्यासारखा आपापलं बोट वर करत होता.

"चार वर्षांत एकशे शहाऐंशी पट्ट्या," बाई म्हणाल्या. "एकशे नऊ तीन नंबरच्या. शेवटची आज, दहा वाजून वीस मिनिटं. डावी करंगळी."

नाव माझ्या पुतणीचं होतं.

"बंद करा ते मशीन! आत्ता!" बाई कडाडल्या.

धप्प थांबलं. पुतणी आली. मी तिचे दोन्ही हात धरून मोजले. दहा; त्यातल्या एकावर अर्धी पट्टी.

"तुमचं रजिस्टर घ्या," बाई मला म्हणाल्या. "जाळी बसेपर्यंत प्रेस बंद. आणि हे सगळं उतरवा, पहिल्यापासून."

"पण बाई, शिल्लक जुळली ना?" अर्धीपट्टीने जीव मुठीत धरून विचारलं.

"तंतोतंत."

तो तिथेच खोक्यावर बसला आणि डोळे पुसू लागला.

मी लिहायला घेतलं. पुतणी खांद्यावरून वाचत होती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "तुमचं अक्षर खरंच सुरेख आहे."