रविवारची चाचणी

डेरेकला कॅफेत अनुभवी माणूस हवं होतं आणि तेही फुकट. तसं कोणी मिळेना, म्हणून टूवूंबा शहरातल्या एखाद्या नवशिक्याला तो दर रविवारी बिनपगारी 'चाचणी'ला बोलवी. या खेपेला ब्रिओनी होती. शाळा नुकतीच संपलेली, पहिल्या नोकरीसाठी वणवण करणारी. सकाळभर तिने टेबलं पुसली, अंडी-टोस्टच्या थाळ्या नेल्या, डेरेकच्या पाणचट कॉफीबद्दल गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

गर्दी ओसरताच डेरेक म्हणाला, "पोरी, हात चलाख आहे तुझा. पण अनुभव नाही ना!"

"मग सकाळपासून मी काय माशा मारत होते?"

"मनावर घेऊ नकोस गं."

एप्रन त्याच्यापुढे टाकून ती समोरच्या बेकरीत शिरली आणि काम आहे का, म्हणून विचारलं.

"अनुभव?" पाव कापता कापता मालकीण नोरीनने विचारलं.

"समोर, आज सकाळी. फुकटात."

नोरीन खो खो हसली. "माझ्याकडे कामाला असलेली ही तिन्ही पोरं तिथूनच नापास होऊन आलीत. शिकवायची कटकट त्याची, शिकलेली माणसं माझी. त्या दीडशहाण्याला अजून उमगलेलं नाही. उद्यापासून ये. पगारी हं."

ब्रिओनीने काचेतून पाहिलं. डेरेक स्वतः टेबलं पुसत होता, आणि तेवढंही त्याला धड जमत नव्हतं.