बाराही महिन्यांचं पाणी

मित्रांनो, मी बंदराच्या धक्क्याला ठोकलेला एक जुना लाकडी खांब आहे. माझ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि आकडे आहेत. पाणी कुठवर चढलं ते माझ्याकडे पाहून कळतं. इतकं सोपं काम, पण माझ्या डोक्यात मात्र जन्मभर गोंधळच.

सुताराने मला घडवलं, रंगाऱ्याने आकडे काढले आणि नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मला उभं केलं. रोज भरतीला आणि ओहोटीला नोंदकाका यायचे आणि आकडा वहीत लिहायचे. चाळीस वर्षांत ते एक दिवस चुकले नाहीत. साहेबलोक त्यांची पाठ थोपटायचे, तेव्हा मीही फुगायचो. लाकूड आहे, तसाही फुगतोच.

पण पावसाळा आला की काका दुसरी वही काढायचे. नदी दुथडी भरून यायची आणि पाणी आठवडेच्या आठवडे माझ्या गळ्याशी राहायचं. काका म्हणायचे, हे नदीचं पाणी, समुद्राचं नव्हे. वर्षाची सरासरी काढताना ते चार महिने बाजूला ठेवायचे. माझी मती गुंग व्हायची. खारं काय आणि गोडं काय, मी भिजायचो एवढं खरं. मधली काही वर्षं पाऊस रोडावला आणि पाणीही उतरलं. मला वाटलं, समुद्र थकला. मग मुसळधार पावसाची वर्षं आली, पाणी वरच्या पट्ट्यावर चढलं आणि मला वाटलं, मीच खचलो. कुणाला विचारणार?

निवृत्तीच्या तोंडावर काकांकडे एक काम आलं. धक्क्यामागे मुलांची शाळा बांधायची होती आणि तिचं जोतं किती उंच घ्यायचं, ते काकांच्या सरासरीवरून ठरणार होतं. बांधणारी इंजिनिअर काकांचीच लेक. तिने आधी माझी उंची मागच्या खडकावरच्या खुणेशी ताडून पाहिली. मी तसूभरही खचलो नव्हतो. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने दोन्ही वह्या धक्क्यावरच उघडल्या. पहिल्या वहीत चाळीस वर्षं पाणी जागच्या जागी होतं. दोन्ही एकत्र केल्यावर ते चार बोटं चढलं होतं.

काका चिडले. "पावसाचं पाणी म्हणजे पाहुणा. पाहुण्याला कुणी घरच्या माणसांत मोजतं का?"

"बाबा, हा पाहुणा दरसाल चार महिने राहतो आणि हल्ली जास्तच सामान घेऊन येतो," लेक म्हणाली. "शाळा त्या चार महिन्यांतही भरते."

काकांनी दोन्ही वह्यांची पानं पुन्हा चाळली. मला फार वाईट वाटलं. आळशी माणूस चुकला तर समजतं, हा तर नेटकेपणापायी चुकला होता. त्यात पुढच्याच आठवड्यात त्यांचा सत्कार होता. शेवटी त्यांनी शाळेच्या कागदावरचा आपला आकडा आपल्याच हाताने खोडला.

"जोतं उंच घे," ते म्हणाले. "आणि खाली लिही, आधीचा आकडा माझा होता आणि तो चुकला होता."

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय, अंगाला शेवाळ आणि कालवं चिकटलीत. ती खरवडा, माझे आकडे पुन्हा रंगवा. पाऊस, नदी आणि समुद्र यांचं नातं मला अजून पुरतं उमगलेलं नाही. पण धो धो पावसातही छत्री घेऊन माझ्याकडे या. तेव्हाचा आकडा तुम्हाला पटला नाही, तरी लिहा.