बिनदातांच्या तोंडातले सात किडे

न्हावऱ्याच्या दूध डेअरीपुढे रोज सकाळी कॅनांची रांग लागते, त्यात नवल नाही. पण सत्त्याण्णव सालच्या थंडीत त्या रांगेला लागून दुसरी एक रांग उभी राहू लागली, ती गालांची. कुणाचा गाल सुजलेला, कुणाचा पंचानं बांधलेला, कुणी दाढेत लवंग दाबून तोंड वाकडं केलेलं. मांडवगण फराट्याहून, वडगाव रासाईहून माणसं एम-एटीवर डबलसीट येत होती. कारण डेअरीच्या ओट्यावर दाढनाथ महाराज बसले होते आणि दाढेतले किडे बाहेर काढून दाखवत होते.

कृती अशी. परातीत पाणी. पाण्याच्या मधोमध वीट आणि विटेवर शेगडीतून काढलेलं लालबुंद उलथणं. महाराज त्यावर तेलाचे चार थेंब सोडत, झोळीतली ‘हिमालयी विभूती’ चिमूटभर टाकत आणि झटकन वर पत्र्याचं नरसाळं पालथं घालत. नरसाळ्याच्या तोटीला पोकळ वेळूची कांडी आणि कांडीचं टोक आजाऱ्याच्या तोंडात. आत तडतड व्हायची. आजारी धूर ओढायचा, खोकायचा, डोळे पुसायचा. मग महाराज नरसाळं उचलत आणि परातीतल्या पाण्यावर पांढुरके, वळलेले, तांदळाच्या कणीएवढे किडे तरंगताना दिसत.

“बघा, कर्माचे किडे,” महाराज म्हणत. “मागच्या जन्मी दुसऱ्याचं खाल्लं, ते ह्या जन्मी दाढेत वळवळतंय. पुण्याच्या डॉक्टरला कॉम्प्युटर लावून दिसत नाहीत. अमेरिकेत ह्याच धुराला लेझर म्हणतात, आन् डालरमधी घेतात. इथं गुरूची आज्ञा हाय, पैशाला शिवायचं न्हाई.”

पैशाला ते शिवत नव्हते हे खरं. घरटी लोटाभर दूध मात्र घेत होते आणि ते म्हशीचंच लागे. मागच्या जन्मी महाराजांनी स्वतः कुणाचं काय खाल्लं होतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सुचायला हवं होतं ते बाळासोला. बाळासो डेअरीचा सेक्रेटरी. दुधात लॅक्टोमीटर सोडल्याशिवाय सख्ख्या मामाचं दूधही तो आत घ्यायचा नाही. सर्जेरावासारख्या वजनदार माणसाचा कॅन त्यानं भर रांगेत परत पाठवला होता. “आप्पा, काटा खोटं बोलत न्हाई, पाणी हाय ह्यात,” असं तोंडावर सांगून. त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला किंमत होती. बाळासो म्हणतो ना, मग खरं, असं लोक म्हणत.

आणि महाराजांना पहिला साक्षीदार मिळाला तो हाच. त्याची उजवीकडची दाढ दोन वर्षं ठणकत होती. शिरूरला दाताचे डॉक्टर तेव्हा आठवड्यातून एकदाच यायचे, दौंडला दवाखाना होता पण एसटीनं अख्खा दिवस मोडायचा. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करणाऱ्यानं जायचं कधी? लवंग झाली, कापूर झाला, दाढ काही ऐकेना. महाराज आले तेव्हा तो सहज बसला, धूर ओढला, पाच किडे निघाले. आठवड्याभरात ठणका बंद. मग बाळासोनं ओटा मोकळा करून दिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाढ दाखवत सुटला. “मला गुण आलाय,” म्हणायचा. त्या एका वाक्यावर पंचक्रोशी गोळा झाली.

पंधरा दिवसांनी त्याची आई, तुळजाबाई, ओट्यावर येऊन बसली. म्हातारीच्या हिरड्यांची आग व्हायची. चाळीस वर्षं मिश्री घासून दात एकेक करून गेले होते, मिश्री मात्र राहिली होती. तोंडात दातच नाहीत हे महाराजांना गर्दीत उमगलं नाही. कांडी तोंडात गेली, तडतड झाली, नरसाळं उचललं. सात किडे.

म्हातारीनं परातीत वाकून पाहिलं आणि बोळकं उघडून सगळ्यांना दाखवलं. “महाराज, माज्या तोंडात दात एक न्हाई. मग हे रहात हुतं कुठं?”

महाराजांनी परातीतलं पाणी ओतून दिलं. “माई, दात गेलं, पण किड्यांनी बिऱ्हाड हालवलं न्हाई. हिरडीत ऱ्हायलं.”

लोक हसले, म्हातारीही हसली. बाळासो तेवढा हसला नाही. दूध नसलेल्या भांड्यात काटा दुधाची डिग्री दाखवायला लागला, तर दोष काट्याचा असतो, हे त्याच्याइतकं त्या ओट्यावर कुणाला कळत होतं? कळलं, आणि त्यानं ते गिळलं. दोनशे माणसं आपल्या शब्दावर आलीत, आता कोणत्या तोंडानं सांगायचं? सर्जेराव तर वाटच पाहून असेल. शिवाय आपली दाढ थांबलीय ना, मग असेल काही तरी, असं स्वतःला समजावून तो वहीत डोकं घालून बसला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी प्रतिभावहिनी दारात आली. ती थोरल्या भावाची, संपतची बायको. संपत ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यांची धनश्री आठ वर्षांची, दोन रात्री दाढेनं रडत होती.

“भावजी, दौंडला नेऊ का हिला? का म्हाराजांकडं?”

बाळासोनं पोरीला आ करायला लावलं. बाळासोचे आजोबा मेंढरं राखायचे. पुढचे दात बघून मेंढरू किती वर्षांचं ते सांगायची त्या घराची पिढीजात विद्या. म्हातारी आपल्या नातवंडांचंही तसंच मोजायची आणि धनश्रीला लाडानं ‘चार-दाती’ म्हणायची. बाळासोनं तेच पाहिलं. पुढचे चार पक्के आलेले, बाकी बारीक.

“चार-दातीच हाय अजून. मागलं समदं दुधाचं. आज ना उद्या पडंलच ती दाढ.”

“ते खरं, पण म्हाराजांचा गुण येतो ना? तुमी सांगा तसं करते.”

हीच ती वेळ होती. आईचे सात किडे त्याच्या डोळ्यांपुढे आले. एक शब्द बोलला असता तर पुरला असता.

“मला तर आला, वहिनी,” तो म्हणाला.

वाक्य खोटं नव्हतं, आणि त्याच्याएवढं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

धनश्रीच्या दाढेतून चार किडे निघाले. चौथ्या दिवशी तिचा गाल असा सुजला की डावा डोळा मिटला, सूज हनुवटीखाली उतरली, पोर तापानं फणफणली आणि तिला थुंकी गिळता येईना. बाळासोनं शेजाऱ्याची जीप काढली. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन प्रतिभा दौंडपर्यंत तिचा श्वास तेवढा मोजत होती, आणि बाळासोला वाटत होतं, हिनं आपल्याला शिव्या द्याव्यात.

दाताच्या डॉक्टर अनुपमा तिशीच्या असतील. त्यांनी बॅटरी मारली, सुजेवर बोट टेकलं आणि आधी शेजारच्या सर्जनना बोलावणं पाठवलं. हनुवटीखाली छेद देऊन पू काढावा लागला, दाढ उपटावी लागली, तीन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. पहिली रात्र सरली तेव्हा त्या बाहेर आल्या.

“आता धोका नाही. सूज आणखी खाली सरकली असती तर श्वास कोंडला असता. इतके दिवस काय करत होता?”

बाळासोनं किड्यांचं, आईच्या हिरड्यांचं सगळं सांगितलं. शेवटी हळूच विचारलं, “दुधाचीच दाढ हुती ना, बाई? पुन्हा यील?”

“नाही. मागची मोठी दाढ सहाव्या वर्षी येते, ती दुधाच्या दातांच्या मागे नवीनच उगवते. लोकांना वाटतं पडायची आहे. ती पक्की असते. तिची गेली ती कायमची गेली.”

‘चार-दाती’ हा शब्द बाळासोला नकोसा झाला. मेंढराचं वय सांगायला पुढचे दात पुरतात, आठ वर्षांच्या पोरीची दाढ वाचवायला पुरत नाहीत.

“आन् माजी कशी थांबली मग?” त्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, दाढेवर टकटक केलं, गार पाणी लावलं. त्याला काहीच जाणवलं नाही. “नस मेली आहे. दुखणं सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून थांबलं. खाली पू साठतोय. दातात किडे नसतात हो, कुणाच्याच. गोड अडकून राहतं, त्यानं दात झिजून पोकळ होतो, त्याला आपण कीड म्हणतो एवढंच. आणि तुमच्या आईंना घेऊन या. ती आग मिश्रीची असेल, पण मला बघू दे. एका घरात तीन पिढ्यांची तोंडं, आणि एकातही आजवर डॉक्टरनं पाहिलेलं नाही.”

“मग पाण्यात पडतं ते काय?”

“ते मलाही बघायचंय. काय जाळतो तो?”

बाळासो दुपारी एकटाच न्हावऱ्याला परतला. महाराज जेवायला गेले होते. त्यानं ओटा झाडला, विटेवरची राख गाळणीतून चाळली. फुटलेली टरफलं निघाली, आणि न फुटलेल्या चार-दोन चपट्या, पिवळट बिया. त्या त्यानं तळहातावर घेतल्या आणि लगेच ओळखल्या. भुईरिंगणी. बांधाबांधावर उगवते, काटेरी, पिवळ्या गोट्यांसारखी फळं. लहानपणी मेंढरांमागं फिरताना तिचे काटे त्यानं पायातून किती वेळा काढले होते. हिमालय त्याच्या घरापासून दोन बांधांवर होता.

त्यानं चार फळं तोडून आणली, डेअरीचं दार लावलं. उलथणं तापवलं, तेल सोडलं, बिया टाकल्या आणि वर दुधाचं नरसाळं पालथं घातलं. कांडी नाही, तोंड नाही. तडतड झाली. उचललं, तर पाण्यावर पांढुरके वळलेले अकरा. त्यातला एक त्यानं नखावर घेऊन उजेडात धरला. बीच्या पोटातला कोंब होता तो. उष्णतेनं बी फुटते आणि आत वेटोळं घालून बसलेला कोंब उडून पाण्यात पडतो.

धनश्री घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रांगा भरल्या होत्या. बाळासोनं लॅक्टोमीटर बाजूला ठेवला आणि परात स्वतःपुढे ओढली.

“म्हाराज, आज एक आजारी मी आणलाय,” तो म्हणाला. “सर्जेराव आप्पा, तुमचा रिकामा कॅन द्या.”

कांडीचं टोक कॅनच्या तोंडात गेलं. विभूती महाराजांच्याच झोळीतली. तडतड झाली, कॅनमध्ये धूर भरला, नरसाळं उचललं. आठ किडे.

“आप्पा, तुमच्या कॅनला दाढा किती?”

हशा उसळला. महाराज उठून उभे राहिले. “थट्टा करतोस गुरूची? तळपट होईल तुजं.”

“व्हायचं ते झालंय,” बाळासो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा आला की हशा थांबला. त्यानं रिंगणीची फळं फोडून बिया वाटल्या, ज्याला पाहिजे त्याला करून बघायला लावलं. महाराजांचा धूर आधी घेतलेल्या शेवंताबाईनं केलं, दोन पोरांनी केलं, प्रत्येकाच्या परातीत किडे निघाले. या गडबडीत महाराज झोळी आणि दुधाचा लोटा घेऊन चौफुल्याच्या एसटीत बसले.

“पर मला बरं वाटलं हुतं की,” शेवंताबाई म्हणाली.

“मलाबी वाटलं. नस मेल्याली, म्हणून. मावशे, दौंडच्या बाईंना दाढ दाखव.” मग तो सगळ्यांकडे वळला. “आन् अजून एक हाय. आईच्या तोंडात दात न्हाई आन् सात किडं निघालं, तवाच मला कळलं हुतं. महिना झाला. मी बोललो न्हाई. लाज वाटली. त्या महिन्यात तुमी किती आला, आन् आमची धनश्रीबी.”

सर्जेराव आपला कॅन उचलत म्हणाला, “माज्या दुधातलं पाणी भर रांगेत दाखवलंस. हे मातुर पोटात ठेवलंस व्हय?”

बाळासोनं लॅक्टोमीटर उचलून पुढचा कॅन घेतला.

संध्याकाळी तो भावाच्या घरी गेला. धनश्री पेज पीत होती, हनुवटीखाली पट्टी. प्रतिभानं पाट दिला, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, “भावजी, मी दोनदा इचारलं हुतं तुमाला.”

“व्हय वहिनी,” तो म्हणाला. “दोनदा.”

ती त्यावर रागावली नाही, रडली नाही, आणि तिनं त्याला माफही केलं नाही. पेजेची वाटी उचलून आत गेली.

आता महिन्यातल्या एका रविवारी अनुपमाबाई त्याच ओट्यावर येतात. पहिल्या रविवारी बाळासोनं सगळ्यांपुढे दाढ काढून घेतली. तुळजाबाईच्या हिरडीवरचा, पुढे कॅन्सर होऊ शकणारा पांढरा चट्टा वेळीच सापडला आणि म्हातारीनं कुरकुरत का होईना मिश्री सोडली. तान्ह्या लेकराच्या आयांपासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत लोक येतात आणि तोंड उघडतात. धनश्री दर वेळी येते. हसली की मागची फट दिसते, ती भरून यायची नाही.

डेअरीच्या भिंतीवर बाळासोच्या हातची पाटी आहे. दातात किडे नसतात. सहाव्या वर्षी आलेली मागची दाढ पक्की असते. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. दूध मापून घेता, तसा चमत्कारही मापून घ्या. आधी रिकाम्या कॅनला लावून बघा. इथवरचं सगळं डॉक्टरीणबाईंना विचारून लिहिलेलं आहे. खालची एक ओळ त्यानं कुणालाही न विचारता लिहिली, आणि दर दिवाळीला तीच आधी नव्यानं रंगवतो: खोटं कळलं, तर त्याच दिवशी सांगा.