अण्णांचं बोट

अण्णा नम्रतेवर बोलायला उभे राहिले की सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता व्हायची. विनय म्हणजे काय, अमानित्व म्हणजे काय, मान मिळाला तरी तो अंगाला लावून न घेणं का कठीण, हे ते असं काही उलगडून सांगत की माणसं डोळे पुसत घरी जात. आणि त्यातला शब्द न् शब्द आदल्या दिवशी चिमणीनं कागदावर उतरवलेला असे.

चिमणी म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. वय चोपन्न. लहानपणचं लाडाचं नाव, चिकटलं ते चिकटलंच. तिचं लग्न जमता जमता राहिलं, मग वडील गेले, आणि अण्णांनी तिला आपल्या घरी बोलावून घेतलं. "नाहीतरी मला लिहायला माणूस हवंच आहे," ते म्हणाले होते. त्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला अण्णा सांगत आणि ती उतरवून घेई. मग ते नुसते मुद्दे सांगू लागले. अलीकडे "उद्या क्षमेवर" एवढंच म्हणून फिरायला जात. ती ग्रंथ काढून बसे, शोधे, लिही, खोडे, पुन्हा लिही. वहिनी होत्या तोवर त्या अधूनमधून म्हणत, "अहो, तिचं नाव तरी घ्या कुठे." वहिनी गेल्या आणि तेवढं म्हणणारंही कुणी उरलं नाही.

लॅपटॉपची गोष्ट निघाली ती छापखान्यामुळे. अण्णांच्या बारा व्याख्यानांचं पुस्तक काढायचं ठरलं होतं. छापखान्याचे मालक घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "हस्तलिखितं घेणं आम्ही बंद केलंय. तेवढ्या अक्षरजुळणीला माणसंच राहिली नाहीत. फाइल द्या." चिमणीचा डावा अंगठा गेली दोन वर्षं दुखत होता, बटणं बडवणं तिला झेपलं नसतं. मालकांनीच तोड सुचवली. पडद्यावर पेनानं लिहिता येतं असा टचस्क्रीन लॅपटॉप घ्या, तुमचं अक्षर तो आपोआप छापील करतो. जाता जाता ते तिला हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या मजकुरात मला कधी चूक सापडत नाही. आमच्याकडे मुद्रितं तपासायला याल का? सकाळी दोन-तीन तास." ती हसली आणि "बघू" म्हणाली. बघण्यासारखं काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं.

दुकानात दोघं गेली. विक्रेती मुलगी चुणचुणीत होती. तिनं पडदा मागे वळवून सपाट केला, पेन काढून दिलं, आणि विचारलं, "वापरणार कोण?"

"मी," अण्णा म्हणाले.

चिमणीनं पेन हातात घेऊन एक ओळ लिहिली होती. तिचं वळणदार अक्षर पडद्यावर उमटलं आणि क्षणात छापील झालं. तिला कितीतरी दिवसांनी लहान मुलासारखा आनंद झाला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "सर, इथे उजव्या हाताचं बोट ठेवा. तुमच्या बोटाशिवाय हा उघडणार नाही. आणि एक गुप्त आकडा ठेवा, बोट नाही चाललं तर." अण्णांनी तर्जनी टेकवली. मग दोघींकडे पाठ करून आकडा घातला.

"ताईंचंही बोट घेऊ का?" मुलीनं विचारलं.

"नको. एका यंत्राला एकच धनी असावा," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर चिमणीला कळलं आपण कशात सापडलो ते. तीन मिनिटं हात लागला नाही की यंत्र झोपी जायचं, आणि मग अण्णांचं बोट. अण्णा कधी अंघोळीला गेलेले, कधी फोनवर, कधी कुणी भेटायला आलेलं. ती दाराशी जाऊन उभी राही. अण्णा हातानं थांब म्हणत. ती थांबे. मग ते येऊन, न बोलता, तर्जनी टेकवून जात. लिहिताना विचार करायला म्हणून मान वर करावी, खिडकीबाहेर बघावं, नेमका शब्द सापडावा, आणि खाली पाहावं तर पडदा काळा. हळूहळू तिला सवय लागली. विचार करतानाही ती डाव्या हातानं पडद्यावर थापटत राही, किरकिऱ्या पोराला थोपटावं तशी. फरक एवढाच की इथे ते झोपू नये म्हणून थोपटायचं.

एकदा तिनं विषय काढला. "अण्णा, माझंही बोट घालून घेऊ या का? तुम्हाला दर वेळी उठावं लागतं."

"मला त्रास नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुला का हवंय ते मात्र नीट बघ. 'माझं' हा शब्द असाच बारीक वाटेनं आत शिरतो, चिमे."

हे वाक्य तिनंच चार वर्षांपूर्वी त्यांना लिहून दिलं होतं.

अकरा प्रकरणं अशी थापटत थापटत झाली. बारावं, शेवटचं, नम्रतेवर होतं. सोमवारी सगळी फाइल द्यायची, आणि शुक्रवारी अण्णांचं बोट गाडीच्या दारात सापडलं. तेच, उजव्या हाताचं. हाड वाचलं, पण नखापासून पेरापर्यंत चेंदामेंदा. डॉक्टरांनी जाड पट्टी बांधली आणि पंधरा दिवस पाणी लावू नका म्हणून सांगितलं.

"आकडा घाला," चिमणी म्हणाली.

अण्णांनी डाव्या हातानं आकडा घातला. चूक. दुसरा घातला. चूक. वहिनींची जन्मतारीख घातली, घराचा क्रमांक घातला. पाचव्या वेळी पडद्यानं सूचना दिली की आता काही वेळ थांबा. अण्णा खुर्चीत मागे रेलले. कपाळावर घाम होता. अण्णांना घाम फुटलेला तिनं वहिनींच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला त्यांची दया आली.

"असू दे, अण्णा. विसरतो माणूस. दुकानात जाऊ."

"मी विसरलेलो नाही," अण्णा म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "दुकानात तू सांग, तू विसरलीस म्हणून."

"मी? मला तो माहीतच नव्हता."

"त्या मुलीला काय कळतंय? मला लोक ओळखतात, चिमे. उद्या चार ठिकाणी होईल, अण्णांना आता आठवत नाही. बोलावणं बंद होतं अशानं." त्यांचा आवाज मऊ झाला, व्याख्यानात व्हायचा तसा. "आणि दोष आपल्या अंगावर घेणं म्हणजेच नम्रता ना? छातीवर लाथ मारणाऱ्या ऋषीला देव उलट विचारतो, तुमच्या पायाला लागलं तर नाही? आणि त्याचा पाय दाबतो. आठव."

तिला आठवत होतं. ती गोष्ट तिनं त्यांच्यासाठी निदान सहा वेळा लिहिली होती.

दुकानात गर्दी नव्हती. त्याच मुलीनं यंत्र उघडून पाहिलं. "आकडा कोण विसरलं?"

"वय झालं हो हिचं," अण्णा हसून म्हणाले. "हल्ली काही लक्षात राहत नाही हिच्या."

मुलगी चिमणीकडे बघून समजुतीनं हसली आणि जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली, "काकू, घाबरू नका हं. आता काय करायचं, ते मी सांगते हं." बहिऱ्याशी बोलावं तसं. चिमणीला वाटलं, आपण मान डोलावली की संपलं. बावीस वर्षं मान डोलावलीच की. मानेला सवय होती. पण या खेपेला मान हलेना.

"मी नाही विसरले," ती म्हणाली. "आकडा माझ्या भावानं ठेवला होता. तो त्यांना आठवत नाही. मला तो कधी सांगितलेलाच नव्हता."

आवाज चढला नव्हता. तरी शेजारच्या टेबलावर बसलेल्या दोघांनी वळून पाहिलं. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी बहिणीकडे पाहिलं नाही, पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरला आणि दुकानाबाहेर पडले.

"आता त्यांच्या फोनवर एक तात्पुरता आकडा येईल, तो लागेल," मुलगी ओशाळून म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "फोन त्यांच्याकडेच आहे का?"

फोन अण्णांच्या खिशात होता. बोटातून सुटलं ते फोनमध्ये अडकलं. यंत्र दुकानात ठेवून चिमणी घरी चालत आली. व्याख्यानांवरून नव्यानं लिहिलेली अकरा प्रकरणं त्या काळ्या पडद्यामागे होती आणि त्या नव्या मजकुरातलं एक अक्षरही कागदावर नव्हतं.

अण्णा आपल्या खुर्चीत बसले होते. फोन समोर टेबलावर.

"फोन हवाय," ती म्हणाली.

"आधी माफी माग. चार लोकांत भावाची शोभा केलीस."

"खरं सांगितलं."

"खरं सांगण्यातही अहंकार असतो."

"असेल. पण चूक असती तर माफी मागितली असती, अण्णा. इथे मागितली तर ती दुसरं खोटं होईल."

फोन तिच्यापासून हातभर अंतरावर होता. उचलून नेता आला असता. ती उचलत नव्हती आणि ते देत नव्हते. ती समोरच्या स्टुलावर बसली. खोलीत बावीस वर्षांची पुस्तकं भिंतभर उभी होती. तिला वाटलं, आपण इथून हललो तर कुठे जाणार? आणि अण्णा तरी कुठे जाणार होते? सोमवार त्यांच्याही मानगुटीवर बसला होता. एका दावणीला बांधलेली दोन जनावरं, एकानं ओढलं की दुसऱ्याच्या गळ्याला फास.

तास गेला असेल. फोन वाजला. छापखान्याचे मालक होते.

"फाइल ना?" अण्णा म्हणाले. "हो, जरा अडलंय. त्याचं काय झालं, बहिणीकडून..." ते थांबले. समोर बहीण बसली होती. ती रागावलेली दिसत नव्हती, नुसती बघत होती. "...थोडी अडचण आली आहे. माझ्याकडून. सोमवारी देतो."

त्यांनी फोन ठेवला आणि पट्टी बांधलेल्या हातानं तिच्याकडे सरकवला.

दुकानात अर्ध्या तासात यंत्र उघडलं. सगळी प्रकरणं जागच्या जागी होती. मुलीनं विचारलं, "आता कुणाचं बोट?"

"माझं," चिमणी म्हणाली. "त्यांचं बरं झालं की त्यांचंही घालू." तिनं तर्जनी टेकवली. नवा आकडा तिनं एका कागदावर लिहिला आणि घरी आल्यावर अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. अण्णांनी तो पाहिला.

रविवारी तिनं बारावं प्रकरण लिहिलं. मधेच थांबून हवा तेवढा वेळ ती खिडकीबाहेर बघत बसली. पडदा काळा झाला की स्वतःचं बोट टेकवायची. ऋषीच्या लाथेची गोष्ट याही खेपेला घातली, पण पुढे जे लिहिलं ते पूर्वी कधी लिहिलं नव्हतं: 'देवानं पाय दाबला तो आपणहून. ऋषीनं पाय पुढे करून "दाब" असं म्हटलं असतं, तर ती गोष्ट नम्रतेची राहिली नसती. नम्रता द्यायची वस्तू आहे, मागायची नव्हे. ज्याला वाकायचं असतं त्याला आधी ताठ उभं राहता यावं लागतं. ज्याला दुसरं काही करताच येत नाही त्याच्या वाकण्याला आपल्या परंपरेनं नम्रता म्हटलेलं नाही.'

अण्णांनी ते वाचलं. पुन्हा वर जाऊन वाचलं.

"हे मी कधी म्हटलंय?"

"नाही. ठेवायचं की गाळायचं तुम्ही ठरवा. पुस्तक तुमच्या नावाचं आहे."

त्यांनी गाळलं नाही. का, ते तिला कळलं नाही. त्यांना ते पटलं होतं की नुसतं चांगलं वाटलं होतं, कोण जाणे.

पुस्तक निघालं तेव्हा अण्णांनी तेच प्रकरण सभागृहात वाचलं. 'मागायची नव्हे' या शब्दांवर टाळ्या पडल्या. चिमणी चौथ्या रांगेत बसली होती. शेजारची बाई तिच्याकडे झुकून म्हणाली, "किती खोल बोलतात हो! तुम्ही घरच्या ना? भाग्यवान आहात." चिमणी "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? टाळ्या तिच्या वाक्याला होत्या आणि हात जोडून त्या घेत होते अण्णा. तिला दुकानातल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याची आठवण झाली. खरं बोलून आपण नेमकं काय सोडवलं?

शेवटी प्रश्नांची वेळ आली. मागून एक गृहस्थ उठले. "नम्रता मागायची नाही, हे फार आवडलं. पण सर, तुम्ही स्वतः कुणाकडे कधी मागितली आहे का?"

लोक हसले. अण्णांनी सवयीनं समोरच्या कागदांकडे पाहिलं. तिथे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी कागद पालथे घातले. मग म्हणाले, "हो. घरी."

पुन्हा टाळ्या पडल्या, आधीहून मोठ्या. काय ही नम्रता! असंच सगळ्यांना वाटलं. अण्णांनी या खेपेला हात जोडले नाहीत. कागद गोळा करून ते खाली उतरले.

घरी परतताना दोघं गाडीत मागे शेजारी बसली होती. अर्ध्या रस्त्यात चिमणी म्हणाली, "सोमवारपासून मी छापखान्यात जाणार आहे, मुद्रितं तपासायला. सकाळी आठ ते अकरा."

अण्णा बाहेर बघत होते. "आणि माझं लेखन?"

"करीन. अकरानंतर."

"अकरानंतर मला फोन येतात."

"मग फोन झाल्यावर."

रस्त्यात गाड्यांची रांग लागली होती, पुढची हलल्याशिवाय यांची हलणार नव्हती. अण्णांनी बऱ्या झालेल्या बोटाचं वेडंवाकडं उगवलेलं नख अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

"पायी जाणार की काय एवढ्या लांब?" त्यांनी विचारलं.

"हो," चिमणी म्हणाली. "पायीच."