तात्पुरती-३

निदियाने दोन्ही याद्या संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि एकेका ओळीवरून पेन्सिल खाली नेली. डावीकडे जुन्या स्टोरेजमधल्या जागांची यादी, उजवीकडे नव्या यंत्रणेची. त्रेचाळिसाव्या ओळीवर पेन्सिल थांबली. डावीकडे नाव होतं, उजवीकडे नव्हतं. तिने पुन्हा वरपासून सुरुवात केली. पेन्सिल पुन्हा तिथेच अडली.

ती खुर्चीत मागे रेलली. थर्मासमधलं गरम पाणी येर्बाच्या चहापत्तीवर ओतून तिने सावकाश एक कडू घोट घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला चव लागली.

पायसांडू शहरातल्या त्या सहकारी रुग्णालयात स्टोरेज म्हणजे निदिया, हे एकोणीस वर्षं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. तळमजल्यावरच्या थंड खोलीतलं माणसाच्या उंचीचं कपाट आणि त्यातल्या एकशेवीस डिस्क. कुठली डिस्क दम तोडायला आली आहे, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. मग चार महिन्यांपूर्वी राजधानी माँतेविदेओहून नवी यंत्रणा बसवायला दार्दो आला. वय छत्तीस, बाह्या दुमडलेल्या, आवाज मऊ.

"असं कपाट आता कुणी विकतसुद्धा घेत नाही," तो पहिल्याच बैठकीत म्हणाला. साधे सर्व्हर घ्यायचे, त्यांच्या डिस्क सॉफ्टवेअरने एकत्र बांधायच्या आणि त्यावर हवे तेवढे आभासी सर्व्हर चालवायचे. एखादं यंत्र बंद पडलं तरी काम थांबत नाही. डायरेक्टर मान डोलवत राहिले. हेच निदियाने सहा वर्षांपूर्वी चार पानांत लिहून दिलं होतं. तेव्हा डायरेक्टर "बघू" म्हणाले होते.

दार्दो तिला 'दोन्या निदिया' म्हणायचा. बाकी सगळे नुसतं निदिया म्हणत. त्याच्या त्या आदराने तिला दर वेळी दहा वर्षांनी म्हातारं झाल्यासारखं वाटे. आणि डायरेक्टरांची सेक्रेटरी एल्बिया, जी सकाळच्या बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षं निदियाच्या टेबलावर उघडत आली होती, ती आता आधी दार्दोच्या टेबलापाशी थांबायची.

यादीतून सुटलेल्या जागेचं नाव होतं 'तात्पुरती-३'. नाव निदियानेच दिलेलं. दहा-बारा वर्षांपूर्वी जागा संपली तेव्हा तिने घाईघाईत ही जास्तीची जागा करून दिली होती, आणि नाव बदलायचं राहून गेलं. दार्दोने सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की तात्पुरतं असेल ते सोडून दे. सॉफ्टवेअरने सोडून दिलं. आत अकरा हजार बायकांच्या स्तनतपासणीचे जुने फोटो होते.

शुक्रवारी दुपारी चारला सगळ्यांसमोर केक कापून जुन्या कपाटातलं सगळं कायमचं पुसून टाकायचं ठरलं होतं.

निदिया सांगणार होतीच. त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. फक्त शुक्रवारी सांगणार होती; दार्दोचं बोट बटणाकडे जाईल तेव्हा. बुधवारी बाथरूमच्या आरशासमोर तिने वाक्य म्हणूनही पाहिलं. "दार्दो, एक मिनिट. अकरा हजार बायका कुठे ठेवल्यास?" मग 'ठेवल्यास'ऐवजी 'ठेवल्या आहेस' म्हणून पाहिलं.

"आज खुशीत दिसतेस," एल्बिया म्हणाली.

"झोप चांगली लागली."

गुरुवारी अकरा वाजता क्ष-किरण विभागातून डॉक्टर इरिगोयेनबाईंचा फोन आला.

"निदिया, एका पेशंटचा जुना फोटो नव्या यंत्रणेत सापडत नाहीये. एक डाग दिसतोय. आधी होता की आत्ता आलाय, एवढंच बघायचंय मला. बाई बाहेर बसलीय गं."

"पाच मिनिटं द्या."

जुन्या कपाटातून फोटो काढून निदिया स्वतःच वर गेली. बाहेरच्या बाकावर एक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पर्सचा बंद तिने बोटाला इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं. आत डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची मागे सरकवली.

"जुनाच आहे. सुईच्या टोकाएवढासुद्धा वाढलेला नाही. बोलाव तिला आत."

निदियाने तिला आत बोलावलं. मग जिना उतरून ती थेट दार्दोच्या टेबलापाशी गेली. तो सँडविच खात होता.

"तात्पुरती-३ तुझ्या यादीत नाही. तिच्यात पेशंटचे फोटो आहेत."

त्याचा चेहरा उतरला. सँडविच कागदावर ठेवून तो म्हणाला, "कधी कळलं?"

"आत्ताच."

सगळे फोटो नव्या यंत्रणेत हलवायला संध्याकाळ झाली. दोघांनी मिळून ते केलं.

शुक्रवारी चारला तळमजल्यावर पंचवीस माणसं जमली. पीचचा केक आला. डायरेक्टरांनी दार्दोचं कौतुक सुरू केलं, तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

"माझ्याकडून मोठी चूक झाली होती," तो म्हणाला. "अकरा हजार बायकांचे फोटो आज गेले असते. दोन्या निदियांनी ते वाचवले. ही टाळी त्यांची आहे."

टाळ्या वाजल्या. निदियाचे कान तापले. एल्बियाने डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि तिच्या कानाशी आली.

"कसलं मन गं या पोराचं! सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायची. कोण करतं असं आजकाल?"

"हो ना," निदिया म्हणाली.

डायरेक्टरही दार्दोच्याच पाठीवर थाप मारत होते. असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही, असं काहीतरी म्हणत होते.

गर्दी पांगल्यावर दार्दो केकच्या दोन बशा घेऊन आला. एक तिला दिली. खालच्या आवाजात म्हणाला,

"तुम्ही याद्या ताडून पाहिल्यात, त्याची यंत्रणेतली नोंद मंगळवारची आहे. सकाळी दहा वीस."

निदियाचा काटा बशीवरच राहिला.

"कुणाला सांगितलंस का?"

"नाही."

"का?"

त्याने केकवरचा पीचचा तुकडा बाजूला सारला.

"मी आलो तेव्हा जो तो म्हणायचा, निदियाला विचार. पासवर्ड हवा, निदिया. किल्ली हवी, निदिया. कॉफीचं मशीन अडलं तरी निदिया. घरी जाऊन मी बायकोवर चिडायचो. तुमच्या जागी मी असतो ना, तर आज चार वाजेपर्यंत थांबलो असतो."

तो हसला नाही. एल्बियाने हाक मारली तसा तो निघून गेला.

निदिया बशी हातात धरून उभी राहिली. आपल्याला हेवा वाटायचा हे त्याने सांगून टाकलं होतं, मोजक्या शब्दांत, आणि तिच्या आधी. तिला वाटून गेलं, हेही त्यालाच जमलं.