तीन बोटे कमी

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानावर सगळ्यांचे डोळे चेंडूवर असतात. माझी आठवण होते ती वाद पेटल्यावर. मी मोजमापाची साखळी आहे. वयाने साठी ओलांडलेली, एकशे ऐंशी कड्यांची, बरोबर दहा यार्ड लांब. माझ्या दोन्ही टोकांना एकेक उंच काठी आहे. आमच्याकडचा फुटबॉल हाताने खेळतात, दोन्हीकडे निमुळत्या चेंडूने. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर तो समोरच्यांचा होतो. सरकलात की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळेनासे झाले, की पंच मला मैदानात बोलावतो. मग अख्खे गाव श्वास रोखून माझ्याकडे बघते. एवढा मान दुसऱ्या कुठल्या साखळीला मिळत असेल, असे मला वाटत नाही.

माझा जन्म १९५८ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या ब्रायर फोर्ज गावातला. तिथल्या कारखान्यात बोटींच्या नांगरांच्या साखळ्या बनत. एमिल पावलिक हा तिथला कारागीर. शाळेच्या संघाकडे तेव्हा एक विकतची हलकी साखळी होती, ती ताणली की लांबायची. एमिलला ते सहन होईना. त्याने जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर ठेवून, महिनाभर खपून मला घडवले. प्रत्येक कडी वजन टांगून पारखली. दर दहावी कडी लाल रंगवली. मग मला खांद्यावर टाकून तो शाळेत गेला आणि म्हणाला, "साखळी फुकट घ्या. पण एक टोक मी धरणार."

दुसरे टोक धरायला ड्यूई टॉलिव्हर आला. ड्यूई गावचा पोस्टमन. उंच, काळा, कमी बोलणारा माणूस. माझी मागची काठी त्याच्याकडे आणि चिमटाही त्याच्याकडे. चिमट्याचे काम सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. मागची काठी रोवली, की जवळच्या पांढऱ्या रेषेवर माझी जी कडी येईल तिला चिमटा लावतात. मोजायच्या वेळी तोच चिमटा त्याच रेषेवर ठेवला, की मला मैदानाच्या मधोमध नेल्यावरही मी अचूक आधीच्याच मापावर बसते. ड्यूई दर वेळी त्या कडीचा आकडा पुटपुटायचा. "सतरा." "बासष्ट." लाल कड्यांमुळे त्याला नजरेनेच मोजता येई.

साखळी धरणाऱ्याने ओरडायचे नाही, टाळी वाजवायची नाही, असा नियम आहे. एमिलसारख्या वेड्याला ती शिक्षाच होती. मग दोन खेळींच्या मधल्या वेळात तो हळू आवाजात ड्यूईशी वाद घाली. वाद एकच, वर्षानुवर्षे चाललेला. आपल्या शाळेचा आजवरचा सर्वांत मोठा क्वार्टरबॅक कोण? क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो आणि तो कुठे जाणार हे तोच ठरवतो.

"रॉय बेनेडेक," ड्यूई म्हणायचा. "साठ यार्ड फेकायचा, तेही पळता पळता. हात होता हात!"

"हाताला काय चाटायचंय? बाद फेरीत त्याचे तीन चेंडू समोरच्यांनी पकडले आणि हा पठ्ठ्या आपल्याच पोरांवर खेकसत बसला. सप्टेंबरात सगळेच मोठे असतात, ड्यूई. ऊन असतं, बँड वाजत असतो. नोव्हेंबरात चेंडूचा दगड होतो, बोटं बधिर होतात, हरलं की वर्ष संपलं. तेव्हा बघ कोण उभं राहतं ते."

"मग तुझा तो चष्मेवाला टेडी लूकाच मोठा? त्याला वीस यार्डांपलीकडचं दिसायचं नाही!"

"दिसायचं नाही, पण चेंडू गमावला की पहिल्यांदा तोच म्हणायचा, चूक माझी. पुढच्या खेळीला पोरं त्याच्यासाठी जीव टाकायची. चांगली फेक कोणीही करेल रे. वाईट फेकीनंतर काय करतो, त्यावर मी क्वार्टरबॅक मोजतो."

"मोजायला साखळी आहे ना तुझी," असे म्हणून ड्यूई गालातल्या गालात हसायचा.

पुढे ड्यूईचा मुलगा क्लिफ्टन संघात आला. त्याने लहानपणापासून बापाच्या टपालाच्या रस्त्यावर चेंडू फेकत दिवस काढलेले. क्वार्टरबॅक होणे हे त्याचे एकच स्वप्न. पण त्या काळात काळ्या मुलाच्या हाती संघाची सूत्रे द्यायला पुष्कळ प्रशिक्षक कचरत. आमचे हॅलोरन सरही त्यांतलेच. एका दुपारी एमिल मैदानाच्या कडेला मला तेल देत बसला होता, तेव्हा ते तिथून चालले होते.

"एमिल, टॉलिव्हरच्या पोराला मी चेंडू घेऊन पळायला ठेवतोय. पाय फार चपळ आहेत त्याचे."

एमिलने फडके खाली ठेवले. "सर, पाय दिसले तुम्हाला, डोकं दिसलं नाही होय? सरावात तीन वेळा चेंडू सुटला त्याचा. तिन्ही वेळा दुसऱ्यांना नीट उभं करून पुढची खेळी सांगितली त्यानं. कोणामुळे सुटला, ते एकदाही बोलला नाही. असा पोरगा मी अठरा वर्षांत एकदाच पाहिलाय."

"तू साखळी धर. संघ मी बघतो."

"धरतोच आहे. म्हणून तर सांगतोय. तुम्ही लांबून बघता, मी चार हातांवरून बघतो."

हॅलोरन सर चिडून निघून गेले. पण तिसऱ्या सामन्यात त्यांचा पहिला क्वार्टरबॅक पाय मुरगळून बसला आणि क्लिफ्टनला उभे करावेच लागले. १९७६ सालचा तो हंगाम मी कधी विसरणार नाही. आम्ही ओळीने आठ सामने जिंकलो. ज्या दुकानांत ड्यूई टपाल टाकून मुकाट्याने बाहेर पडायचा, तिथे लोक त्याला कॉफीला थांबवू लागले. "काय म्हणतो आपला पोरगा?" असे विचारू लागले. आपला पोरगा! मैदानात ड्यूई पोराविषयी एक अक्षर बोलत नसे, पण पोराची खेळी असली की तो माझी काठी किती घट्ट धरायचा ते मला ठाऊक आहे.

नोव्हेंबरात बाद फेरीचा उपांत्य सामना आमच्याच मैदानावर आला. समोर वेस्ट हॅडली, नदीपलीकडचे जुने वैरी. सकाळपासून बर्फाचा भुरभुरा पाऊस होता. शेवटचे सव्वा मिनिट उरले तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो, चेंडू आमच्याकडे होता आणि प्रयत्न चौथा होता. क्लिफ्टनला फेकायला कोणी मोकळे दिसेना. तो स्वतःच चेंडू पोटाशी धरून पळाला आणि कडेला तिघांना घेऊन आमच्याच अंगावर कोसळला. एमिल आणि ड्यूई काठ्या टाकून मागे उड्या मारून वाचले. मी चिखलात तुडवली गेले आणि माझा चिमटा निखळून पडला. तिसरा मदतनीस लेस्टर, गावचा औषधवाला, बिचारा घाबरा माणूस. त्याने चिमटा उचलला आणि घाईघाईने माझ्या एका कडीला लावून टाकला.

पंचाने मोजमापाची खूण केली.

आम्ही मैदानात गेलो. ड्यूईने चिमटा रेषेवर टेकवला. एमिलने पुढची काठी ओढून मला ताठ केले. चेंडूचे टोक काठीच्या एक बोट पुढे होते. एक बोट! आमच्या बाजूचे लोक बाकांवर चढून नाचू लागले. पंच हात वर करणार, एवढ्यात ड्यूईची नजर चिमट्यावर गेली.

त्या खेळीच्या आधी तो "एक्केचाळीस" पुटपुटला होता. ते मी ऐकले होते आणि एमिलनेही ऐकले होते. एक्केचाळीस म्हणजे चौथ्या लाल कडीच्या लगेच पुढची. आता चिमटा त्या लाल कडीपुढच्या तिसरीला होता. त्रेचाळीस. दोन कड्यांचा फरक, म्हणजे चार बोटे.

एमिल दहा यार्डांवरून चालत त्याच्याजवळ आला. चिमट्याकडे पाहताच त्याने सगळे ओळखले. तो अगदी हळू म्हणाला, "ड्यूई, मी काही मोजलं नाही. कोणीच मोजलं नाही. तुझं पोर आहे रे ते."

मित्रांनो, ज्याने माझी एकेक कडी पारखून लावली, त्याच्याच तोंडून हे मी ऐकले. मला लाज वाटली. पण मला बोलता येत नाही. बोलायचे होते ते ड्यूईने.

क्लिफ्टन पाच पावलांवर उभा होता, हनुवटीवर चिखल, डोळे बापावर. ड्यूईने त्याच्याकडे पाहिले. मग त्याने टोपी काढली आणि पंचाला म्हणाला, "साहेब, चिमटा चुकीच्या कडीला आहे. मघाशी पडला होता. खरी कडी ही."

"खात्री आहे?"

"मीच लावला होता. एक्केचाळीस."

पंचाने एमिलकडे पाहिले. एमिल म्हणाला, "बरोबर आहे. मीही ऐकलंय."

चिमटा सरकला. मी पुन्हा ताणली गेले. पंच गुडघ्यांवर बसला, त्याने चेंडू आणि काठीच्या मध्ये आपला हात धरला. तीन बोटे कमी.

चेंडू वेस्ट हॅडलीला गेला आणि सामना संपला. आमच्या बाकांवरून जे शब्द ड्यूईवर आले ते मी तुम्हाला सांगणार नाही. तो मला गुंडाळायला लागला, पण गारठ्याने म्हणा की कशाने म्हणा, त्याच्या बोटांना कडी सापडेना. तेव्हा क्लिफ्टन आला. आधी त्याने समोरच्या क्वार्टरबॅकशी हात मिळवला, आपल्या रडणाऱ्या गड्यांना एकेक करून उठवले आणि मग तो आमच्याकडे वळला.

"काठी इकडे द्या, पप्पा. मी नेतो."

"क्लिफ, मी..."

"किती कमी पडलं?"

"तीन बोटं."

"मग तेवढं मी पळायला हवं होतं," तो म्हणाला आणि मला खांद्यावर घेऊन चालू लागला. संघाचा सूत्रधार, बाद फेरीच्या दिवशी, साखळी वाहून नेतोय! माझ्या आयुष्यात मला यापेक्षा मोठी मिरवणूक मिळाली नाही.

मागून एमिल येत होता. गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला, "ड्यूई, मघाशी मी जे बोललो..."

"मी काही ऐकलं नाही."

"बरं. मग एवढं तरी ऐक. आपला वाद मिटला. सर्वांत मोठा कोण, ते आज मी पाहिलं."

ड्यूईने नाक पुसले. "म्हणजे शेवटी मान्य केलंस ना? हात आहे पोराचा!"

"हाताचं कोण बोलतंय, गाढवा!"

तो हिवाळा ड्यूईला जड गेला. कॉफीला कोणी बोलावेना. काही घरांची दारे त्याला बघून लागायची. तो रोज तितक्याच घरी, तितक्याच वेळेवर टपाल टाकत राहिला. क्लिफ्टन मात्र गावात मान वर करून फिरे. कोणी बापाविषयी काही बोललेच तर म्हणे, "तुमची पत्रं कधी चुकीच्या घरी गेलीत का?" पुढे एका लहान महाविद्यालयाने त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच घेतले.

पुढच्या वर्षी बाद फेरीच्या वेळी शाळेत एक पत्र आले. वेस्ट हॅडलीचे! त्यांच्या मैदानावर सामना होता, दोन्ही संघ परगावचे, आणि त्यांनी लिहिले होते की साखळी ब्रायर फोर्जची हवी आणि मागची काठी टॉलिव्हर यांनीच धरावी. हॅलोरन सरांनी ते पत्र स्वतः ड्यूईच्या घरी नेऊन दिले. त्यानंतर अकरा वर्षे नदीच्या दोन्ही काठांवर महत्त्वाचा सामना असला की एमिल, ड्यूई आणि मला बोलावणे येई. आमचे माप पडले की कोणी हुज्जत घालत नसे. लोक नुसते म्हणत, "टॉलिव्हर आहे ना? मग झालं."

नंतर कारखाना बंद पडला. एमिल गेला, दोन वर्षांनी ड्यूईही गेला. तीन गावांच्या शाळा एक झाल्या, नवे मैदान आले आणि नवी, नारिंगी, पिसासारखी हलकी साखळी आली. मला अवजारांच्या खोलीत चुन्याच्या पोत्यांमागे टाकले. किती वर्षे गेली ते मोजायला तिथे पांढऱ्या रेषा नव्हत्या. माझा लाल रंग उडाला आणि कडीला कडी चिकटली.

दोन वर्षांपूर्वी एमिलची मुलगी लोरेटा फावडे शोधत तिथे आली. ती आता सत्तरीची आहे. शनिवारी सकाळी लहान मुलामुलींचे सामने भरवते आणि क्वार्टरबॅकांविषयी बापाच्या दुप्पट बोलते. तिने मला ओढून बाहेर काढले, आठवडाभर तेलात बुडवून ठेवले, तारेच्या ब्रशने घासले. मग फुटपट्टी लावून एकेक कडी तपासली आणि शेजारणीला ओरडून सांगितले, "अगं बघ, केसभरही हललेली नाही!" आता दर शनिवारी मी मैदानात असते. आठ-नऊ वर्षांची पोरे गवतावर पालथी पडून, एक डोळा मिटून माझ्या काठीकडे बघतात. मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटते.

मित्रांनो, एकच विनंती आहे. सामना संपला की हरल्याच्या रागात किंवा जिंकल्याच्या आनंदात मला चिखलात टाकून पळू नका. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा, खुंटीला सरळ टांगा. माझ्या कड्या गंजून आखडल्या, की मी आखूड होते. ते मला कळत नाही, बघणाऱ्यालाही कळत नाही, पण एकाच्या पदरात हक्काचे नसलेले पाऊल पडते आणि दुसऱ्याचे हिरावले जाते. इतक्या वर्षांत असे माझ्या हातून एकदाही झालेले नाही. म्हातारपणी ते माझ्या माथी येऊ देऊ नका.